दही लागलं का?

आमच्या ऑफिसातल्या रेवतीताई कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली चूक शोधत होत्या. दांडेकरसाहेब त्यांना दर अर्ध्या तासाला मीटिंगला बोलवून विचारायचे, "झालं का?" शेवटी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत झालं नाही, तर काम दुसऱ्याला!"

दुपारी साहेबांनी कँटीनमध्ये माझ्याकडे दही मागितलं. मी पातेलं पुढे ठेवलं.

"हे काय, मामा? हे तर दूधच आहे!"

"पहाटेच विरजण लावलंय, साहेब. दर अर्ध्या तासाला ढवळून बघतोय, लागलं का म्हणून."

"अहो, ढवळत राहिलात तर लागेल कसं? झाकून ठेवा की जरा!"

"बरं. मग रेवतीताईंचं पातेलंही झाकायचं ना?"

साहेब हसले. पुढे मीटिंग झालीच नाही.

दिवे लागायच्या आत चूक सापडली. आमचं दही मात्र दुसऱ्या दिवशी लागलं.