केरबानं फ्लश लिहिला

एका गावात एक भोळा कंपाउंडर होता. भोळा म्हणजे किती, तर "जरा बस" म्हटलं की तो खुर्चीच्या कडेला जराच बसायचा. नाव केरबा. एसटी स्टँडच्या मागे बेनाडीकर डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना होता, तिथे तो कामाला. मनानं सोनं, हातानं हलका. पण सांगितलेल्या शब्दाच्या पलीकडे त्याचं डोकं एक पाऊल टाकत नसे.

दवाखान्यात फ्लश असायचे. फ्लश म्हणजे मिठाच्या पाण्यानं भरलेली छोटी सिरिंज, निर्जंतुक, सीलबंद पाकिटात. शिरेत लावलेल्या नळीतून औषध दिलं की मागून हे पाणी सोडायचं, म्हणजे औषध नळीत अडकत नाही. बाई फ्लश द्यायच्या. केरबानं पाकीट आणून द्यायचं आणि रजिस्टरात लिहायचं, म्हणजे ते बिलात येतं.

एके दिवशी बाईंनी खोका उघडला, तो रिकामा. रजिस्टर उघडलं, तेही रिकामं.

"केरबा, फ्लश गेले कुठं?"

"पेशंटला गेलं की, बाई. तुम्हीच तर दिलंसा."

"मग लिहिलं का नाहीस? अरे, विमा कंपनी कागद बघते. लिहिलं नाही, ते झालंच नाही असं धरतात!"

"असं हाय व्हय," केरबा म्हणाला, आणि गोष्ट मनात पक्की केली.

दुपारी तो जेवला. भाकरी, झुणका, वर ताक. ढेकर दिल्यावर त्याला आठवलं, हे आपण कुठं लिहिलं? कुठंच नाही. म्हणजे जेवण झालंच नाही. मग त्यानं बाईंचा डबा उघडला. पोट तुडुंब होतं, पण नियम तो नियम. बिचारा घाम पुसत पुसत जेवला.

बाईंना भूक लागली तेव्हा डब्यात लोणच्याची फोड तेवढी होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, हा नियम पेशंटपुरता! पेशंटसाठी जे उघडशील, ते त्याच्या नावावर लिही. बस्स."

"असं हाय व्हय," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तानुआक्का तापानं फणफणत आल्या. केरबानं मायेनं सगळं केलं, आणि सगळं लिहिलं. संध्याकाळी आक्कांच्या हातात बिल पडलं. त्यांनी ते नातवाकडून वाचून घेतलं. फाटक एक, दार दोन, खिडकी एक, छत्री एक. खाली लिहिलं होतं, तोंड एक, थर्मामीटरसाठी.

"मुडद्या!" आक्कांचा ताप तिथंच उतरला. "माझं तोंड मीच उघडलं, त्येचं बिल तू लावनार?"

बाईंनी बिल फाडलं आणि केरबाला समोर उभं केलं. "नीट ऐक. निर्जंतुक, सीलबंद असेल तेच लिहायचं. सील फोडलं की एकदाच वापरायचं आणि लगेच कचऱ्याच्या लाल बादलीत टाकायचं. परत ठेवायचं नाही. कळलं?"

"कळलं की."

चार वाजता बाईंनी चहा मागितला. चहाचा पुडा नवा होता, सीलबंद. केरबानं सील फोडलं. एकदाच वापरायचं म्हणून पुडा अख्खा पातेल्यात ओतला. साखरेच्या पिशवीचंही तसंच झालं. एक घोट घेतला आणि बाईंचे डोळे जे उघडले, ते पहाटेपर्यंत मिटले नाहीत.

सकाळी त्या हात जोडून म्हणाल्या, "केरबा, ही अक्कल स्वयंपाकघरात नको रे! दवाखान्याच्या ह्या टेबलावर सील फुटलं, तरच हा नियम. आणि आज डोकं ठिकाणावर ठेव. विम्याचे कुलथे साहेब तपासणीला येतायत. त्यांनी मंजुरी लिहून दिली तर आपण कंपनीच्या यादीत राहणार. नाहीतर गरीब पेशंट जिल्ह्याला जाणार, दवाखान्याला कुलूप, आणि तूही घरी."

केरबाचं त्या दवाखान्यावर फार प्रेम होतं. आज एकही नियम मोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

कुलथे साहेब आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी रजिस्टर पाहिलं, फ्लशचा नवा खोका मोजला, बिलं ताडून पाहिली. सगळं जुळलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी बॅगेतून सीलबंद लिफाफा काढला, टेबलावर सील फोडलं आणि आतला मंजुरीचा कागद पसरला. खिशातलं शाईचं पेन काढलं. पेन उठेना. झटकलं, तरी उठेना.

केरबा पुढे झाला. "नळी अडकली, साहेब. फ्लश द्याया पायजे."

बाई "नको!" म्हणेपर्यंत पेन खोललं गेलं होतं, सिरिंज लागली होती आणि दट्ट्या दाबला गेला होता. साहेब निळे झाले. शर्ट निळा, मिशी निळी. कागद तेवढा वाचला. केरबानं सिरिंज लाल बादलीत टाकली, पाठोपाठ पेनही टाकलं, आणि शांतपणे रजिस्टर ओढलं.

"काय लिहितोस रे?" साहेब गरजले आणि रजिस्टर हिसकावून मोठ्यानं वाचू लागले. "पेशंट, साहेबांचं पेन. तक्रार, शाई उतरत न्हाई. उपचार, फ्लश एक. आता प्रकृती, लाल बादलीत."

साहेबांची निळी मिशी थरथरली. बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि साहेब जे हसत सुटले, ते पोट धरून खुर्चीत कोसळलेच.

"बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "इतकं खरं रजिस्टर मी आजवर पाहिलं नाही!" त्यांनी बाईंचं बॉलपेन घेतलं, कागदावर ठळक 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि तोंड धुवायला गेले.

बाई साहेबांना गेटपर्यंत पोचवायला गेल्या. कचऱ्याची गाडी लाल बादलीतली पिशवी घेऊन निघून गेली. बाई आनंदानं परत आल्या. आज त्यांना केरबाचा अभिमान वाटत होता.

"केरबा, तो मंजुरीचा कागद दे. फ्रेम करून लावू."

"कागद?" केरबा म्हणाला. "त्यो लाल बादलीत टाकला की, बाई. ह्याच टेबलावर सील फुटलं, साहेबांनी एकदा वापरला. परत कसा ठेवू?"

बाई मटकन खाली बसल्या.

केरबानं धीर देत रजिस्टर पुढे सरकवलं.

"घाबरू नगा, बाई. मंजुरी टाकून दिली, ती लिवून ठेवलीया."