टॉलिव्हरच्या मुलांचा उतार

हॅकबेरी नदी पायी ओलांडायच्या या उतारावर कुणी बोट दाखवून वाट सांगत नाही. वाट विचारली की इथला माणूस बूट काढतो आणि स्वतः आधी पाण्यात उतरतो. परगावच्यांना याचं हसू येतं. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या. प्रवाशांना पलीकडे नेण्यात माझा जन्म गेला आणि ही हकीकत माझ्या आधी हे काम करणाऱ्या बायकांनी मला सांगितली.

एफ्रम टॉलिव्हरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अपलाशियन डोंगर ओलांडून गोऱ्या लोकांना या मुलखात आणणारा तो थोर वाटाड्या. जंगलातली वाट त्याने शोधली, म्हणे. शोधली कसली डोंबलाची! या मुलखातले मूळचे शॉनी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने शिकारीला जात. नदी मात्र ते इथे ओलांडत नसत. वर खडकांपाशी, पाणी पसरट होतं तिथे ओलांडत. ते लांब पडतं म्हणून टॉलिव्हरने उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी गुडघ्याएवढं असताना, इथल्या एका झाडाची साल कुऱ्हाडीने काढून खूण केली. त्या काळी अशी खूण म्हणजे वाटाड्याचा शब्द. मागून येणाऱ्या गाड्या तिच्या भरवशावर चालत.

पुढच्या वसंतात बर्फ वितळून नदी फुगलेली असताना गाड्यांचा तांडा इथे येऊन थांबला. बायका, तान्ही मुलं, गुरं. टॉलिव्हर घोड्यावर होता. बरोबर बायको केझाया आणि अमॉस व रूबेन हे दोन तरुण मुलगे. खरं तर झाडं तोडणं, शिकार आणणं, पुढे जाऊन जंगल चाचपणं ही सगळी कामं या मुलांनी केली होती. नाव तेवढं बापाचं झालं.

अमॉसने पाणी पाहिलं आणि म्हणाला, “बाबा, इथून नको. ही खूण काढून टाकू आणि वरच्या खडकांवरून जाऊ.”

“माझी खूण मी पुसायची? या सगळ्यांसमोर?” टॉलिव्हर खवळला. “उतरा दोघं. पाणी किती आहे ते दाखवा यांना.”

केझायाने घोड्याचा लगाम धरला. “एवढी खात्री आहे तर तुम्ही उतरा.”

त्याने तिचा हात झटकला. मुलगे उतरले. बापाचा शब्द मोडायची त्यांना सवयच नव्हती, आणि हे सांगताना मला अजून त्यांचाही राग येतो. असं सांगतात की ते नदीच्या मध्यापर्यंत पोचले, तेवढ्यात वरून वाहत आलेला ओंडका रूबेनला लागला. त्याला धरायला अमॉस झेपावला. दोघेही पुन्हा दिसले नाहीत.

ते पाहून तांडा मागे फिरला आणि वरच्या खडकांवरून सुखरूप पार झाला. आणि टॉलिव्हरने जगाला काय सांगितलं? मुलांना शॉनींनी मारलं! खूण चुकली हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्यांच्या माथी खून मारणं त्याला सोपं गेलं. डोळ्यांनी पाहिलेल्यांनी त्याला खोटं पाडलं नाही, बाकीच्यांनी ते खरं मानलं आणि सूड म्हणून शॉनींची गावं जाळली. त्या माणसाची मला चीड आहे आणि ती मी लपवत नाही.

केझाया त्याच्याबरोबर पुढे गेली नाही. तिने खुणेचं झाडच तोडून टाकलं आणि काठावर झोपडी बांधली. पाणी कमी असलं की इथून, फुगलं की खडकांवरून, ती स्वतः पुढे चालत लोकांना पलीकडे नेई.

बऱ्याच वर्षांनी टॉलिव्हर जमिनी घ्यायला निघालेल्या बड्या लोकांना घेऊन परत आला. घोड्यावर बसूनच त्याने पलीकडे बोट दाखवलं. म्हातारी केझाया समोर येऊन उभी राहिली.

“हात खाली घ्या,” ती म्हणाली. “आधी तुम्ही उतरा.”

पाणी तेव्हा घोट्याएवढंही नव्हतं, म्हणे. तरी त्याचा पाय रिकिबीतून निघेना. सगळ्यांदेखत त्याने घोडा वळवला आणि आला तसा निघून गेला.

त्याचा पुतळा शहरात चौकात उभा आहे. मुलांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. म्हणून आजही इथे पाण्यात पहिलं पाऊल टाकताना अमॉस आणि रूबेन ही नावं मोठ्याने घेतात. तुम्हीही घ्या, पुटपुटू नका. चला, बूट काढा. आधी मी उतरते.