शिंकेचा मोर

भांडीकुंडी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. गिरजाकाकू रोज अंगणात रांगोळीचा मोर काढायच्या. एकदा मध्येच शिंक आली आणि मोराची मान वाकडी झाली. नेमका तोच मोर पाहून पत्रेवाल्याने पत्र्याला भोकं पाडली आणि रांगोळीचा छाप बनवला. मग काय, दारोदारी वाकड्या मानेचे मोर! छाप ऐटीत म्हणायचा, "खरा मोर आता माझाच."

एके सकाळी काकूंनी सरळ मानेचा मोर काढला. हातात छाप घेतलेली शेजारची रखमा म्हणाली, "काकू, मान चुकली हो!"

छाप खदखदून हसला. काकूही हसल्या.

"अगं, तेव्हा मला शिंक आली होती."

"मग उद्या कसा काढणार?"

"उद्याचं उद्या सुचेल."

छापाचं हसू विरलं. उद्या आपण काय काढणार, हे त्याला आजच ठाऊक होतं.