काळ्या पोथीतले आठ चिंचोके

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते. हळू सांगते, तुम्हीच जवळ सरका.

एका राज्यात एक पाठशाळा होती, आणि राजाच्या सिंहासनाच्या माथ्यावर एक मैना होती. मैना मुलांच्या आवाजात बोलत असे. कधी हसऱ्या मुलीच्या, कधी घोगऱ्या मुलाच्या. लोक म्हणत, देवाची करणी.

त्या राज्याची रीत अशी, की दर वर्षी पाठशाळेतल्या एका मुलाने दरबारात काळी पोथी नावाची स्तुती म्हणायची. एका दमात, न थांबता. जो थांबेल, त्याच्या नावाने मडकं फोडायचं, मेलेल्या माणसाच्या नावाने फोडतात तसं. म्हणून कुणी थांबत नसे. पोथी संपली की म्हणणाऱ्याची वाचा जाई. लोक म्हणत, स्तुती पावली. अशी नऊ वर्षांत नऊ मुलं मुकी झाली. नववी बकुळा.

बकुळेची धाकटी बहीण शेवंती. ती राजवाड्याखालून जाऊ लागली की वरून मैना बकुळेच्या आवाजात म्हणे, "शेवंते, वेणी सुटली बघ." आणि वेणी खरोखर सुटलेली असे.

या वर्षी पाळी शेवंतीची होती.

त्याच साली नदीपलीकडून रोहिणीबाई शिकवायला आल्या. शेवंतीने त्यांना पोथी घडाघडा म्हणून दाखवली.

"छान. आता सांग, काय म्हणालीस?"

शेवंतीने मान खाली घातली. "बाई, असं कुणी विचारत नाही."

"मी विचारते. तीन कामं कर. जिथे अडशील, तिथे चिंचोका ठेव. जे अडलं, ते साध्या बोलीत बहिणीला सांग. आणि तिसरं, पोथीलाच प्रश्न विचार."

शेवंतीने आठ ठिकाणी आठ चिंचोके ठेवले. नवव्या जागी तिला वाटलं, हे तर येतंय मला. तिथे ठेवला नाही.

शेवटच्या ओळीभोवती सगळा वर्ग गोळा झाला. ओळ अशी होती: वदनोद्गतस्वरसर्वस्व सिंहासनशिखरस्थ विहगास समर्पित.

"बाई, याला ओढायला बैल लागतील," भगीरथ म्हणाला. मुलं हसली.

"मग तुकडे करू. वदन?"

"तोंड."

"उद्गत म्हणजे निघालेला. स्वर?"

"आवाज. आणि सर्वस्व म्हणजे सगळाच्या सगळा."

"विहग म्हणजे पक्षी," कुणीतरी म्हणालं. "सिंहासनाच्या शिखरावरचा पक्षी."

मग कुणी हसलं नाही.

घरी शेवंतीने बकुळेला सांगितलं, "ताई, ती स्तुती नव्हती. माझा सगळा आवाज मी त्या पक्ष्याला दिला, असं तू आपल्या तोंडाने म्हणालीस." बकुळेने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं.

पाळीचा दिवस उजाडला. दरबार भरला. शेवंती पोथी म्हणू लागली, आणि पहिल्या चिंचोक्यापाशी थांबली.

प्रधानाने मडकं उचललं. राजा म्हणाला, "मुली, थांबलेली मेली. पुढे म्हण."

शेवंतीने चिंचोका मुठीत घेतला. "महाराज, इथे अडलंय. ही पोथी बोलतेय कोण?"

"मी," मैना म्हणाली. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, कारण तिला स्वतःचा आवाज नव्हता, आणि पोथीबद्दल विचारलं की उत्तर देणं तिला भाग होतं. तो आवाज खर्ची पडला. दाराशी उभा असलेला एक मुका तरुण खाकरला आणि "आई" म्हणाला.

"कुणाशी बोलते?"

"न समजता म्हणणाऱ्याशी." दुसरा आवाज सुटला.

शेवंती विचारत गेली. दर चिंचोक्याला एक प्रश्न, दर प्रश्नाला एक आवाज. सात मुलं बोलती झाली. बकुळा अजून मुकीच होती. पोथीवर एकच चिंचोका उरला.

"आणि ज्याला समजलं, त्याच्याकडून तुला काय मिळतं?"

मैनेने चोच घट्ट मिटली. पिसं फुलवली. मग बकुळेच्या आवाजात, अगदी बारीक, म्हणाली, "काही नाही."

"शेवंते," गर्दीतून हाक आली, "वेणी सुटली बघ."

प्रधानाच्या हातून मडकं निसटलं. ते फुटलं नाही, गडगडत शेवंतीच्या पायाशी आलं. राजाने रीत मोडली. ते मडकं आता पाठशाळेत असतं, चिंचोक्यांनी भरलेलं, आणि जो थांबतो त्याला बाई पहिल्या रांगेत बसवतात.

मैना मात्र खिडकीतून उडून गेली. नववा चिंचोका ठेवलेलाच नव्हता, म्हणून एक आवाज तिच्यापाशी राहिला. सगळ्यात जुना. ज्याचा होता, तो मुलगा कधीच वारला होता. त्या आवाजाने ती अजून दारोदार हाका मारते, आणि न विचारता ओ देणाऱ्याचा आवाज घेऊन जाते. म्हणून बाईंनी आम्हाला शिकवलंय, हाक आली की लगेच ओ द्यायची नाही. आधी थांबायचं, आणि विचारायचं, की तू को

थांबा हं, कुणीतरी मला बोलावतंय. आले! आ