आखूड हौद्याची गाडी आणि टेकाईचा रथ

एका गावात, टेकाईच्या टेकडीखाली, एक भोळा गाडीवाला राहत होता. नाव गुणाजी. मनाने लोण्यासारखा, कामाला वाघ. पण सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तस्संच करायचा. त्याच्याकडे एक पिकअप गाडी होती. तिचा मागचा हौदा इतका आखूड, की खाट ठेवली तर खाटेचे पाय बाहेर लोंबत.

त्याची बायको चंद्रभागा मोठी भाविक. मागल्या वर्षी घाटात गुणाजीच्या गाडीचा ब्रेक गेला. गाडी सुटली ती थेट करवंदीच्या जाळीत जाऊन थांबली. गुणाजी ओरबाडला, पण वाचला. तेव्हा चंद्रभागेने पदर पसरला आणि ती नवस बोलली, "आई टेकाई, तुझा रथ वाळवीने खाल्लाय. येत्या जत्रेला नवा रथ माझ्या घरच्या गाडीला जोडून, माझ्याच माणसाच्या हातून तुझ्या दारात आणीन. तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही."

बायको गोड खाईना, म्हणून घरात पुरण शिजेना. तेव्हा नवसाची काळजी गुणाजीलाही होतीच.

शेजारगावच्या सुताराने रथ सुरेख घडवला. उंच रथ गाडीच्या मागच्या टोकाला जोडला तर घाटात डुलतो. म्हणून त्याने रथाला लांब मान केली. ती मान हौद्यात येऊन एका लोखंडी आकड्यात अडकायची होती. आता आकडा तेवढा आणायचा राहिला.

जत्रा तोंडावर आली. चंद्रभागा म्हणाली, "अहो, तालुक्याला जाऊन आकडा घेऊन या. आणि वाजवून घ्या हो. आपण मडकं कसं वाजवून घेतो, तसं. ठणठणीत वाजेल तोच आणा."

"तसंच करतो," गुणाजी म्हणाला. आणि तसंच केलं.

तालुक्याला गाड्यांची कामं करणाऱ्या रज्जाक मिस्त्रीच्या दुकानातला एकेक आकडा त्याने उचलला, पान्याने वाजवला, कान लावून ऐकला. एक बद्द वाजला. एक खट्ट वाजला. एवढ्यात शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून असा काही गोड नाद आला, की गुणाजी तिकडेच धावला.

घरी आला तो पितळेची घंटा घेऊन.

"अहो, आकडा कुठाय?"

"आकडे सगळे बद्द निघाले. ही ऐक, कशी ठणठणीत!"

चंद्रभागेने कपाळावर हात मारून घेतला. मग तोच हात घंटेला लावून नमस्कार केला. देवीच्या नावाने घरात आलेली वस्तू, परत कशी करायची?

"असू दे. रथाला बांधू. पण अहो, आकडा वाजवून नाही, दाखवून घ्यायचा असतो. बांगड्या भरताना आपण कासारापुढे हात नाही का करत? ज्याला घालायचं त्याला दाखवून घ्यावं."

"तुझं खरं. आता दाखवूनच घेतो." आणि तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी नेऊन मिस्त्रीच्या दारात उभी केली. आतून एक आकडा आणला आणि गाडीच्या दिव्यांसमोर धरला.

"बघ गं, हा कसा वाटतो?"

गाडी गप्प.

दुसरा आणला. "बरं, हा? जरा नाजूक आहे."

गाडी गप्प.

रज्जाक मिस्त्रीने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला. "गुणाजीभाऊ, काय चाललंय?"

"गाडीला दाखवतोय. एकही पसंत करेना."

"लाजत असेल," मिस्त्री म्हणाला. "सरका, तिच्या मनातलं मी ओळखतो."

त्याने हौद्याचं माप घेतलं, रथाच्या मानेचं माप विचारलं आणि मान हलवली. "भाऊ, हौदा आखूड आहे. साधा आकडा बसवला तर वळताना रथाचा कोपरा केबिनच्या काचेत घुसेल. तुम्हाला सरकता आकडा लागणार." त्याने तसा आकडा हौद्यात पक्का बसवून दिला. "हे दोन खटके बघा. वळण आलं की थांबायचं, लाल खटका ओढायचा, आकडा मागे सरकवायचा, मगच वळायचं. काळा खटका रथ सोडायचा. तो देवळाच्या दारात पोचल्यावरच ओढायचा. ध्यानात राहील?"

"राहील की. लाल वळणावर, काळा देवळाच्या दारात."

दुपारी निघालेला गुणाजी दिवेलागणीला घरी पोचला. चंद्रभागा दारात ताटकळत उभी.

"इतका उशीर?"

"घाटात वळणं का थोडी आहेत? प्रत्येक वळणावर थांबलो, लाल खटका ओढला, आकडा सरकवला, वळलो, परत पुढे सरकवला."

"अहो, पण रथ जोडलेलाच नव्हता!"

"रथ असला तरच, असं मिस्त्रीने कुठं सांगितलं?"

चंद्रभागेला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "हे बघा, मागे रथ असेल तरच ते सगळं करायचं. मागे रथ नसला तर कुठे थांबायचं नाही. सरळ घरी यायचं."

"तुझं खरं. आता तसंच करतो."

जत्रेचा दिवस उजाडला. गुणाजी आंघोळ करून, नारळ घेऊन सुताराकडे गेला. झेंडूच्या माळा लावलेला रथ आकड्याला जोडला, घंटा बांधली. इकडे टेकाईच्या देवळापुढे सारा गाव जमला. ढोलवाले सज्ज झाले. गुरवकाका आरती घेऊन उभे राहिले. चंद्रभागेच्या पदराच्या गाठीला गुळाचा खडा बांधलेला होता. रथ दारात आला की तोंडात टाकायचा. वर्षभराचा गोडाचा उपास होता, म्हणून खडाही लिंबाएवढा घेतला होता.

आणि खरंच सांगते, गुणाजी घाट फार छान उतरला. वळण आलं की थांबला, लाल खटका ओढला, वळला. काचेला ओरखडासुद्धा नाही. आलं शेवटचं वळण. त्या वळणावर एक मारुतीचं देऊळ आहे. गुणाजीने बघितलं. देऊळ आहे. दारही आहे.

तो उतरला. मारुतीला नमस्कार केला. काळा खटका ओढला. रथाची मान हळूच खाली टेकवली, चाकांना दगड लावले आणि गाडीत बसला. आरशात बघतो तर मागे रथ नाही!

"मागे रथ नसला तर सरळ घरी," तो स्वतःशीच म्हणाला.

देवळापुढे पोरं ओरडली, "आली, गाडी आली!" ढोल सुरू झाले. चंद्रभागेने कान टवकारले. घंटा का वाजत नाही? एवढ्यात रिकामी गाडी सगळ्यांसमोरून आली, गुणाजीने एक हात उचलून देवीला नमस्कार केला, आणि गाडी निघून गेली. आरतीचं ताट गुरवकाकांच्या हातात तसंच राहिलं.

चंद्रभागा धावत घरी गेली. गुणाजी ओट्यावर बसून पाणी पीत होता.

"अहो, रथ?"

"देवळाच्या दारात सोडला. मारुतीच्या."

"टेकाईच्या दारात आणायचा होता ना!"

"मिस्त्रीने देवळाचं नाव कुठं सांगितलं?"

चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराची गाठ तिने घट्ट धरली. मग मनात म्हणाली, आई, तू मला असाच माणूस दिलास, तर सांभाळूनही तूच घे. तिने त्याला उठवून गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"चला परत. आणि आता एकच ऐका. मी 'सोडा' म्हणेपर्यंत रथ सोडायचा नाही. कुणीही सांगो."

"कुणीही सांगो," गुणाजी म्हणाला.

मारुतीपुढे रथ शांत उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं. गुणाजीने रथ जोडला आणि वाजतगाजत टेकाईच्या दारात आणला. चंद्रभागा खाली उतरली. गुरवकाकांनी नारळ फोडला. "फिटला गं बाई तुझा नवस!" चंद्रभागेने हात जोडले, गाठ सोडली आणि तो लिंबाएवढा खडा तोंडात टाकला.

गुरवकाकांनी देवीची मूर्ती आणून रथात बसवली आणि ते स्वतः तिला धरून बसले. आता गावाने दोर लावून रथ हातांनी ओढायचा, अशी रीत. काका वरून म्हणाले, "गुणाजी, तुझं काम झालं. रथ सोड आणि जा घरी."

गुणाजीने चंद्रभागेकडे बघितलं. तिचं तोंड गुळाने भरलेलं. "उं! उं उं!" ती हातवारे करत म्हणाली.

'सोडा' असं काही ती म्हणाली नाही. घरी जा असं मात्र काका म्हणाले होते.

गुणाजी निघाला. मागे रथ, रथात टेकाई, टेकाईला मिठी मारून गुरवकाका. मिरवणूक सुरू झाली असं समजून ढोलवाले मागे धावले, ढोलवाल्यांच्या मागे गाव, आणि सगळ्यांच्या मागे, गालात गूळ धरून, चंद्रभागा.

सकाळी तिनेच काढलेल्या रांगोळीपाशी गाडी थांबली. घंटा घणघणली. नवस होता रथ देवीच्या दारात आणायचा. गुणाजीने देवीच चंद्रभागेच्या दारात आणून उभी केली होती. तिने रथाच्या चाकांवर पाणी घातलं, देवीची ओटी भरली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

गुणाजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं, गूळ संपला असेल तर सांग. आता तरी सोडू का?"