गाडी किती उचलायची?

मंदाकिनीकाकूंच्या जुन्या जीपचं पोट यमाईच्या डोंगरवाटेवर दगडांना घासायचं. गाडीला सुबुद्धी यावी म्हणून त्यांनी मंगळवार धरले, पण साबुदाण्याच्या खिचडीने त्यांचंच पोट पुढे आलं. शेवटी त्या गॅरेजात गेल्या.

"सस्पेन्शन दीड इंच उचला, आणि टायर दगडांना पुरतील एवढेच जाड द्या."

गॅरेजवाले पिंगळेशेठ हसले. "काकू, गाडीतलं तुम्हाला काय कळतं? चार इंच उचलू, ट्रॅक्टरसारखे टायर लावू. ही माझी बघा, काय रुबाब आहे!"

"आहे हो. पण देवीच्या अभिषेकाचं पाणी मी घरून भरून नेते. थेंब सांडला तरी नेम मोडतो. तेवढा तुमच्या इथल्या माठातून तांब्या भरून घेऊन तुमच्या गाडीत चढून दाखवता?"

शेठ ऐटीत निघाले. एक पाय वर गेला, दुसरा खालीच लोंबकळला, आणि अभिषेक त्यांच्याच विजारीला झाला.

"मला तर पदर, गुडघे आणि हे पोटही वर न्यायचंय," काकू हळूच म्हणाल्या. "शेठ, गाडी हवी ती डोंगर चढायला. आधी गाडीच चढायची, तर मी पायी डोंगरच नाही का चढणार?"

शेठ ओल्या विजारीनेच दीड इंचाचं सामान काढायला गेले.