हेर्लेकरसाहेबांचा लेथ

“चार फुटी घ्यावा, की सहा फुटी?”

हेर्लेकरसाहेबांनी टाचण पुढं केलं. लोखंड कातायचे तीन लेथ, तिन्हींच्या किमती, बेडची लांबी, मोटरची ताकद... सगळं सुवाच्य अक्षरात.

दस्तगीर उस्तादांनी ते न वाचताच स्टुलावर ठेवलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची स्वतःची शेड होती.

साहेबांनी तेहतीस वर्षं कारखान्यात माल तपासला. उस्तादांनी करून दिलेले कितीतरी तुकडे त्यांनी लाल खडूची फुली मारून परत धाडले होते. आता निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत लेथ बसवायचं मनात होतं.

“काय बनवणार त्याच्यावर?”

“ते मागाहून बघू. आधी मशीन बिनचूक हवं.”

“चालवलाय का कधी?”

“दस्तगीर, लेथमधलं मला कळत नाही असं काही नाही.”

“ते ठाऊक आहे, साहेब. चालवलाय का?”

साहेब स्टुलावरचं टाचण सरळ करू लागले.

उस्तादांनी आपल्या जुन्या लेथच्या चकात, त्या फिरत्या पकडीत, लोखंडी गज आवळला. साहेबांच्या शर्टाची सैल बाही कोपरापर्यंत नीट दुमडून दिली. मग बाजूला झाले.

“कापून जाडी वीस मिलिमीटर करा.”

मोटर सुरू झाली. टूल आधी किंचाळलं, मग चकचकीत कीस वळत वळत सुटू लागला. साहेब हँडल फिरवत राहिले. किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटला.

शेवटी साहेबांनी मोटर थांबवली. तुकडा काढून माप घेतलं. पुन्हा घेतलं.

“अर्धा मिलिमीटर जास्त कापलं गेलं.” त्यांचा आवाज पडला. “नापास.”

ते भंगाराच्या डब्याकडे निघाले. उस्तादांनी त्यांचा हात धरला.

तुकडा घेऊन उस्तादांनी तो आपल्या खांद्यावरच्या फडक्यानं पुसला आणि साहेबांच्या खिशात घातला.

“वहिनींना दाखवा.”

“काय सांगून दाखवू? कशाच्याही उपयोगाचा नाही हा.”

“सांगा, ‘हा मी स्वतः केला.’”

साहेब खिशावर हात ठेवून उभे राहिले. आजवर हजारो तुकडे त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यातला एकही त्यांनी केलेला नव्हता.

ते म्हणाले, “मग... लेथ कुठला घेऊ, उस्ताद?”

“आता कुठलाही घ्या.”